बंदुकीला वारस, परवान्याला नाही

घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्याची गडबड ओसरता ओसरता कागदांची गडबड सुरू होते. मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती घ्याव्यात हे शेजारचा कोणी अनुभवी माणूस सांगतो. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला तलाठ्याकडे जायचे असते, विम्याचा दावा विमा कचेरीत द्यायचा असतो, पेन्शन पत्नीच्या नावे होते, रेशनकार्डावरचे नाव कमी होते, गॅसची जोडणीसुद्धा मुलाच्या नावावर करून मिळते. मी छत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीचशी सोलापूर जिल्ह्यातल्या शाखांत काढली. या सगळ्या वाटांवर माणसे विचारत विचारत का होईना, पण पोचतात. एका वस्तूबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतो. ती माजघरातल्या खुंटीवर नाहीतर कपाटामागे, खोळीत घालून उभी केलेली असते. मालकांची बंदूक.

विचारीत नाहीत, कारण विचारण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नाही. बापाची जमीन पोराची, बापाचे घर पोराचे, तशी बापाची बंदूकही पोराची. परवान्याची लाल वही देवघरातल्या डब्यात जपून ठेवलेली असते, म्हणजे सगळे कायदेशीरच आहे. खंडेनवमीला बंदूक खाली काढायची, पुसायची, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. मी अशा घरांत पाहुणा म्हणून जेवलो आहे. त्या घरातली माणसे गुन्हेगार नव्हती. पण त्या क्षणी ती गुन्हा करीत होती, आणि किरकोळ गुन्हा नव्हे.

गोम अशी आहे. बंदूक ही वस्तू आहे आणि परवाना ही परवानगी. वस्तूला वारस असतो, परवानगीला नसतो. मृताची बंदूक ही त्याच्या भांड्याकुंड्यांसारखीच जंगम मालमत्ता असल्याने तिची मालकी वारसा कायद्याप्रमाणे वारसांकडे जाते. पण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ३ म्हणते की परवान्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र जवळ बाळगू नये. परवाना ज्या माणसाच्या नावे होता तो माणूस गेला, की परवाना त्याच्याबरोबर संपतो. मागे उरते ते एक विचित्र त्रांगडे : मालकी आहे, पण ताबा ठेवता येत नाही.

बँकेत आम्ही याच्या नेमके उलटे त्रांगडे रोज पाहत होतो. ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून लावलेले असते त्याच्या हाती बँक पैसे देते, म्हणजे ताबा त्याला मिळतो. पण मालकी वारसांचीच राहते. तो केवळ विश्वस्त. हे समजावून सांगताना किती भावाभावांची आणि सासवासुनांची तोंडे वाकडी झालेली पाहिली असतील त्याला गणती नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच पुन्हा सांगितले, तरी लोकांच्या डोक्यातला गोंधळ काही जात नाही. नामनिर्देशितापाशी ताबा आणि मालकी नाही. बंदुकीच्या वारसापाशी मालकी आणि ताबा नाही. पहिल्या गोंधळात फार तर दिवाणी दावा होतो. दुसऱ्यात फौजदारी.

ही फौजदारी किती जड आहे तेही पाहायला हवे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल कलम २५ मध्ये पूर्वी किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद होती. २०१९ च्या डिसेंबरात कायदा दुरुस्त झाला आणि ती किमान दोन, कमाल पाच वर्षे आणि दंड अशी झाली. ज्याचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही त्याने शस्त्र ‘अनावश्यक विलंब न लावता’ जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे असे कलम २१ सांगते, आणि ते न करणे हाही त्याच कलम २५ खाली गुन्हाच आहे. न्यायाधीशाला पुरेशी आणि खास कारणे निकालपत्रात नोंदवून शिक्षा कमी करता येते. आपल्याकडे शस्त्र आहे याची जाणीव नसेल तर तो कायद्याच्या अर्थाने ताबाच नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालच्या गुणवंतलाल खटल्यापासून मानले आहे. पण ज्या बंदुकीची दर दसऱ्याला पूजा होते तिची जाणीव नव्हती, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता तो शब्द पुन्हा वाचा : अनावश्यक विलंब. आवश्यक विलंब किती? तेरा दिवस? वर्षश्राद्ध होईपर्यंत? कलम २१ दिवसांचा आकडा सांगत नाही. म्हणजे तो आकडा ठाण्यातला माणूस ठरवणार, आणि ठाण्यातली माणसे सगळी सारखी नसतात.

१९९६ सालची गोष्ट आहे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एका बागायतदाराचे निधन झाले होते आणि लॉकरवर पत्नीचे नाव नामनिर्देशित होते. बाई, त्यांचे धाकटे दीर आणि सतरा वर्षांचा मुलगा असे तिघे आले. दोन साक्षीदारांसमोर लॉकर उघडून आम्ही यादी करू लागलो. पाटल्या, बोरमाळ, दोन खरेदीखते, किसान विकासपत्रे. आणि तळाशी पुठ्ठ्याचा एक खोका. उघडला तर आत बारा बोअरची दहा काडतुसे. खालीच परवान्याची वही.

माझा सहकारी कानाशी लागला, “साहेब, परत ठेवा आणि लॉकर लावून टाका. आपण काही पाहिलं नाही.” हा सल्ला व्यवहारी होता, पण यादीवर साक्षीदारांच्या सह्या व्हायच्या होत्या. काडतुसे बाईंच्या हाती द्यावीत, तर परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती बँक दारूगोळा देणार. ठेवून घ्यावीत, तर ती बँकेच्या ताब्यात, आणि बँकेच्या परवान्यात ती नाहीत. काडतुसालाही परवाना लागतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी ठाण्याला फोन केला.

एक वयस्क फौजदार आले. त्यांनी खोका पाहिला, वही चाळली आणि मग जो प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता तो विचारला, “वहिनी, काडतुसं हितं हायत. मग बंदूक कुठाय?”

“घरी हाय की. मालक गेल्यापास्नं तशीच टांगलीय. दसऱ्याला तेवढी पुजतो.”

मालकांना जाऊन चौदा महिने झाले होते.

फौजदारसाहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दिराला जीप घेऊन गावी पाठवले, बंदूक आणवली, आणि बाई स्वतःहून शस्त्र जमा करीत आहेत असा जबाब लिहून घेतला. पावती दिली. बाईंना त्या पावतीचे महत्त्व त्या दिवशी कळले नाही. मला कळले होते, म्हणून चहाचा कप धरताना माझा हात जरा हलत होता. त्या माणसाने तीच चौदा महिन्यांची हकीकत दुसऱ्या कागदावर दुसऱ्या शब्दांत लिहिली असती, तर नवऱ्याच्या ठेवीसाठी बँकेत आलेली बाई आरोपी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढली असती. दोन्ही लिहिणी कायद्यात बसणारी होती. एखाद्या बाईचे स्वातंत्र्य समोरच्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावे, ही मला तेव्हाही भयंकर गोष्ट वाटली होती आणि आजही वाटते. त्यानंतर शिक्षा वाढली आहे, एवढाच फरक.

मुलगा सतरा वर्षांचा होता आणि कायद्याला एकवीस पूर्ण लागतात. बाईंना स्वतःला बंदूक नको होती. जमा केलेले शस्त्र परवानाधारक व्यक्तीला किंवा विक्रेत्याला विकून पैसे घेण्याचा हक्क कलम २१ वारसांना देते; मात्र त्याला मुदत असते, आणि ती उलटली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने शस्त्र सरकारजमा होते. आठ महिन्यांनी विक्रेत्याने बंदूक मुद्देमालाच्या खोलीतून सोडवली तेव्हा नळ्यांना आतून गंज चढला होता. घरी असताना दर दसऱ्याला तिला तेल मिळत होते.

या वस्तूचा एवढा लळा का, हे समजून घेतल्याशिवाय नुसते ‘जमा करा’ म्हणण्यात अर्थ नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची बंदी झाली. काही पदवीधारक आणि मानकऱ्यांना त्यातून सूट होती. म्हणजे कोणाच्या घरी बंदूक आहे यावरून सरकारदरबारी त्याचे वजन कळे. काँग्रेसच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव होत राहिले, आणि गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या त्या कायद्याला इंग्रजी राज्याच्या कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य म्हटले. आमच्या सोलापूरने तर १९३० च्या मे महिन्यात लष्करी कायद्याखाली दिवस काढले आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे फासावर गेलेले पाहिले. बंदूक कोणाच्या हातात असते आणि कोणाच्या छातीवर, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

मग रझाकारांचे दिवस आले. निजामाची हद्द सोलापुरापासून फार लांब नव्हती. सरहद्दीवरच्या गावांनी १९४७-४८ ची ती रात्ररात्र जागून दिलेली गस्त नातवंडांना सांगितली आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडूनच नळदुर्गाच्या दिशेने निघाल्या. अशा मुलखात ‘आजोबांची बंदूक’ म्हणजे नुसती लोखंड-लाकडाची वस्तू राहत नाही. ती विकायला काढणे म्हणजे घराण्याचा पाय मागे घेतल्यासारखे वाटते. शिवाय नंतरच्या काळात पिकांच्या रक्षणासाठी दिलेले परवाने होतेच. मंगळवेढ्याची ज्वारी हुरड्यात आली की हरणांचे कळप उतरायचे, उसात रानडुकरे शिरायची. ठासणीच्या बंदुकीचा नुसता आवाज काढला तरी काम भागे.

हे सगळे खरे. पण स्वतंत्र भारताने केलेला १९५९ चा कायदासुद्धा हत्यार बाळगणे हा हक्क मानीत नाही. अमेरिकेच्या घटनेत तसा हक्क आहे, आपल्याकडे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांबद्दलच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले. माझे मत न्यायालयाच्या बाजूचे आहे. आजोबांची बंदूक ही आठवण म्हणून मोठी असेल. पण आठवण जपायला चालू घोडा आणि भरता येणारी नळी लागत नाही. ज्यांना खरोखर जुनी शस्त्रे पाहायची आहेत त्यांनी अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहून यावे.

ज्यांना बंदूक घरातच ठेवायची आहे त्यांच्यासाठी वाट आहे, आणि ती वाटते तितकी बंद नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतला २५ वा नियम वारसांसाठीच आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाला परवाना देता येतो. सोलापूर शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा; उरलेल्या जिल्ह्यात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे कलेक्टरसाहेबांचा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, बंदूक जमा केल्याची पावती, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र. वारसाला स्वतःची पात्रता दाखवावी लागते : वय, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, पोलिसांचा चौकशी अहवाल. बापाचा परवाना ही शिफारस आहे, हुकूम नव्हे. पुष्कळजण आधी कोर्टात जाऊन वारसा प्रमाणपत्रासाठी वकिलाची फी भरून येतात. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमातले ते प्रमाणपत्र मृताची येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. बंदूक यांपैकी काहीच नाही. बँकेत लागणारा कागद सगळीकडे लागतो असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे, त्याला आम्ही बँकवालेही थोडे जबाबदार असू.

खरी अडचण प्रतिज्ञापत्राशी येते. जमिनीची खातेफोड होते, घरात भिंत घालता येते, दागिने तोलून वाटता येतात. बंदुकीची खातेफोड होत नाही. तीन भावांतल्या एकाच्याच नावावर ती लागणार. बांधावरून बोलणे बंद असलेला भाऊ हरकत नसल्याची सही कशाला देईल? त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन होती. आणि वारसा म्हणून आलेली शस्त्रेही त्या दोनांतच मोजायची असे कायद्याने मुद्दाम सांगितले आहे. रिव्हॉल्व्हर, रायफल आणि दुनळी असे मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या एकुलत्या एका मुलाला त्यातले एक तरी सोडावेच लागणार. सहसा रुसवा असतो तो जुन्या विलायती दुनळीवरून. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसांना परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनरचा शिक्का असलेल्या चांगल्या राखलेल्या बंदुकीची किंमत भलतीच असते. विकायची तर तीच विका, असे मी सांगेन. भांडणाचे मूळ जाते आणि पैसा वाटता येतो.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गाठ आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३४ असे की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देऊ नये. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. मूळ क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास होते, त्यात सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके येत होते. पुढे ते कमी करून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले. तरी त्याच्या कडेने दहा किलोमीटरचा पट्टा आखून पाहा, म्हणजे किती गावे त्यात येतात ते दिसेल. वडिलांचा परवाना अभयारण्याच्या आधीचा असेल. मुलाचा परवाना मात्र कागदोपत्री नवाच, आणि हे कलम त्याला आडवे येऊ शकते. उत्तर सोलापूर किंवा मोहोळ तालुक्यातल्या माणसाने कलेक्टर कचेरीत अर्ज देतानाच वनखात्याच्या संमतीचे विचारून घ्यावे, म्हणजे वर्षभराने फाइल तिथे अडली असे ऐकावे लागणार नाही. माळढोक आता नान्नजला दिसणे दुर्मीळ झाले आहे. त्याच्या नावाचे कलम मात्र जागे आहे.

हे सारे टाळण्याची एक सोय त्याच २५ व्या नियमात आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो, आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. एवढी शहाणी तरतूद आपल्या कायद्यांत फार कमी सापडते. पण तिचा उपयोग करणारे म्हातारे मला तरी क्वचित भेटले. ठेवीवर नाव लावा म्हटले तरी “अजून मी जिता हाय की साहेब” असे उत्तर ऐकण्यात माझी नोकरी गेली. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चार जणांपर्यंत नावे लावता येतात. तिथेही आधी समजूतच घालावी लागणार. आणि बंदूक म्हणजे तर रुबाब. ती हयातीत मुलाच्या नावे करायची म्हणजे फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवायचा. मुलगाही संकोचाने विचारत नाही. विचारले तर बाप म्हणणार, माझ्या मरणाची वाट बघतोस काय.

आमच्या बँकेलाच या बाबतीत काही कटकट नव्हती, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. दारावरच्या माजी सैनिकाच्या हातातली बंदूक बँकेची, परवाना बँकेचा. रखवालदार बदलला की फक्त नाव बदलायचे. संस्था मरत नाही, तेव्हा तिची बंदूक पोरकी होत नाही. आणि लॉकरची वाट धरू पाहणाऱ्यांसाठी म्हणून हेही सांगतो : रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनंतर लॉकरचा जो नमुना करार आला त्यात शस्त्रे आणि स्फोटके ठेवण्यास सरळ मनाई लिहिलेली आहे. त्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आज तिथेही जागा नाही.

दुसऱ्या देशांत काय करतात? जर्मनीत वारसाने एका महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो. त्याला शस्त्राची स्वतंत्र गरज दाखवता आली नाही तरी ठेवता येते, पण नळीत कुलूप घालून, म्हणजे उडवता येणार नाही अशा स्थितीत. आठवणही राहते आणि धोकाही जातो. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्यात पोलिसांचा एक तात्पुरता परवाना आहे. मृताची मालमत्ता सांभाळणाऱ्याला विल्हेवाट लागेपर्यंत तो मिळतो आणि तेवढे दिवस तो निर्धास्त असतो. दोन्ही कायदे आपल्यापेक्षा सैल आहेत असे मुळीच नाही. त्यांनी फक्त एक गृहीत धरले आहे, की माणसे मरतात आणि त्यांच्या मागे घरात शोक असतो. आपल्या कलमात महिना असा शब्द घातला, तीस नाहीतर साठ दिवस, तर कायदा दुबळा होणार नाही. बाईला मात्र तारीख कळेल आणि ठाण्यातल्या माणसालाही.

कायदा दुरुस्त व्हायला वर्षे लागतील. तोवर एक काम जिल्ह्यातच करता येण्याजोगे आहे. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक असतो. ज्यांनी तो घेतला नाही त्यांचे परवाने बाद ठरवण्यासाठी सरकारने मुदती देऊन त्या अनेकदा वाढवल्या. ही नोंद एका संगणकात आणि मृत्यूची नोंद दुसऱ्या संगणकात. दोघांची गाठ घालून द्यायला फार मोठे तंत्र लागत नाही. पण तेवढेही नको. निवडणूक आली की छाननी समिती बसते आणि कोणाकोणाची हत्यारे जमा करून घ्यायची ते ठरते. २०२४ साली लोकसभेला आणि विधानसभेला, एकाच वर्षात दोनदा, ठाण्याठाण्यांतून परवानाधारकांच्या याद्या निघाल्या आणि शिपाई नोटिसा घेऊन दारोदार गेले. अशी नोटीस मेलेल्या माणसाच्या नावे येते तेव्हा घरच्यांना धक्का बसतो. पण बंदुकीबद्दल सरकारी कागद त्या घरात पहिल्यांदा येतो तो बहुधा तेव्हाच.

त्या नोटिशीची मागची बाजू कोरी असते. तिथे चार ओळी छापाव्यात. परवानाधारक हयात नसल्यास बंदूक आणि काडतुसे ताबडतोब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. स्वतःहून जमा करणाऱ्या वारसाचा जबाब तसाच लिहून घेतला जाईल. ठेवायची असल्यास वारस म्हणून अर्ज करा, नको असल्यास विक्रीचे अधिकारपत्र द्या. आणि खाली, शहरासाठी आयुक्तालयातल्या व ग्रामीण भागासाठी कलेक्टर कचेरीतल्या परवाना शाखेचा टेलिफोन नंबर, जो कोणीतरी उचलील असा.